ग्रुओ लारोज २०१०: एक बाटली कपाटात, एक बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये

सांगलीत राहून फ्रान्समधल्या बोर्दो भागातली वाईन मुरवायची म्हणजे थेट उन्हाळ्याशी पंगा, हे मला एक बाटली घालवून कळलं. आतेभाऊ २०१८ ला फ्रान्सवरून येताना शातो ग्रुओ लारोज या वाईनच्या, २०१० च्या द्राक्षांच्या, दोन बाटल्या घेऊन आला, म्हणाला घाई करू नको, पडू दे. मग एक बेडरूमच्या कपाटात साड्यांच्या मागं आडवी सारली आणि दुसरी मामाच्या तासगावच्या कोल्ड स्टोरेजला, बेदाण्याच्या बॉक्सांमागं. तळघराचा विषयच नाही, २०१९ चा पूर बघितलेला माणूस गावभागात तळघर खणेल का?

गेल्या महिन्यात दोन्ही उघडल्या. कपाटातलीचं बूच थोडं वर आलेलं, फॉइलखाली चिकट डाग, तिथंच शंका आली. वास शिजवलेल्या जॅमचा, तोंडात नुसती आंबट आणि पोकळ. एवढे उन्हाळे, एप्रिल-मे ला ४० च्या आसपास, बिचारी करणार काय? तिला १२-१४ डिग्री पाहिजे, अंधार पाहिजे, आणि तापमान सारखं वरखाली नको. बेसिनमध्ये ओतली, बायको काहीच बोलली नाही, तेच जास्त लागलं.

दुसरी म्हणजे वेगळाच प्रकार. स्टोरेजमध्ये ४-५ डिग्री, खरं तर गरजेपेक्षा थंडच, त्यामुळं पिकली पण सावकाश. आदल्या दिवशी आणून उभी ठेवली, गाळ तळाला बसला, मग बाटलीच्या मानेखाली मोबाईलचा टॉर्च धरून सरबताच्या काचेच्या जगमध्ये ओतली आणि शेवटचा बोटभर गाळ बाटलीतच राहू दिला. मधे अजून काळाभोर रंग, कडेला कुठं विटकरी झाक यायला लागलेली. पहिल्याच घोटाला कच्चं जांभूळ चावल्यासारखी जीभ आवळली. हा तुरटपणा साल आणि बियांतनं येतो, आणि आम्ही थॉमसन, तास-ए-गणेश द्राक्षं लावणारी माणसं, त्यात बीच नसते, त्यामुळं घरात सगळ्यांची तोंडं वाकडी. दीड तास जगमध्ये तशीच ठेवली तर मऊ झाली, मग नुकतंच टोक काढलेल्या पेन्सिलीचा, सुक्या तंबाखूच्या पानाचा वास यायला लागला, आणि गिळल्यावर पण चव बराच वेळ जात नव्हती. बोर्दोच्या वाईनची १८५५ ला प्रतवारी लावलेली, त्या यादीत ही दुसऱ्या वर्गात आहे, लेबलवर फ्रेंचमध्ये 'राजांची वाईन, वाईनचा राजा' असं लिहिलंय, ते वाचून आधी हसू आलं होतं.

एक सांगतो, तांबड्या रश्श्याबरोबर घेऊ नका, तिखटानं तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही अंगावर येतात. आम्ही अळणी मटण केलं होतं, मस्त जमलं.

माझ्या मते चांगल्या जागेत असेल तर अजून १०-१५ वर्षं आरामात जाईल, २०१० च्या बोर्दोत तेवढा दम आहे. आतेभावाला सांगून ठेवलंय, पुढच्या वेळी २०१६ ची आण आणि आमच्या घरी न येता आधी मामाकडं उतर.