स्टॅबिलायझर बुशची कुईकुई: ग्रीस, टेफ्लॉन टेप, नवं रबर की पीयू?

स्पीडब्रेकरवरून गाडी हळू उतरवताना पुढच्या चाकांच्या मधून 'कुईंक' असा आवाज येऊ लागला की चार जण चार उपाय सांगतात. एक म्हणतो सिलिकॉन ग्रीस लावा. दुसरा टेफ्लॉन टेप गुंडाळायला सांगतो, तिसरा थेट स्टॅबिलायझर बारचा बुश (बारला धरून ठेवणारा रबरी तुकडा) बदला म्हणतो, आणि घाटात गाडी पळवणारा मित्र पीयू म्हणजे पॉलियुरेथेनच्या बुशचा आग्रह धरतो. पहिल्या आठवड्यात बहुधा चारही उपाय लागू पडतात. सहा महिन्यांनी आणि एक पावसाळा गेल्यावर मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक दिसतो, आणि निवड करायची ती त्या फरकाकडे बघून.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रोज ऑफिसला नेण्या-आणण्याच्या गाडीला बार घासून साफ करायचा आणि कंपनीचे नवे रबर बुश बसवायचे, यासारखा पैसे वसूल करणारा दुसरा खर्च नाही. बाकी तिन्ही उपायांना आपापली जागा आहे, पण ती जागा लहान आहे.

आवाज येतो कशाने

स्टॅबिलायझर बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, दोन्ही टोकांना वळवलेला स्प्रिंग स्टीलचा दांडा. टोकं लिंक रॉडला (बारला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या छोट्या दांड्याला) जोडलेली असतात आणि मधला भाग दोन रबरी बुशांमध्ये धरून पत्र्याच्या क्लॅम्पने सबफ्रेमला, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी चौकटीला, आवळलेला असतो. वळणावर गाडी कलायला लागली की बार पिळला जातो आणि ते कलणं रोखतो. दोन्ही चाकं एकाच वेळी वर गेली की मात्र बार पिळला जात नाही, बुशच्या आत नुसता फिरतो. सरळ चढलेल्या स्पीडब्रेकरवर आवाज जास्त येतो तो म्हणूनच.

कोरडं रबर स्टीलवरून सलग सरकत नाही. ते चिकटतं, ताणलं जातं, सुटतं आणि पुन्हा चिकटतं. हे सेकंदाला शेकडो वेळा घडलं की कानाला कुईकुई ऐकू येते. जुना बुश काढला की खाली सगळं दिसतं: बारवरचा काळा रंग उडून चकचकीत झालेला पट्टा, त्याच्या कडेला तांबूस गंज, आणि बुशच्या चिरेत (बारवर चढवण्यासाठी ठेवलेल्या कापात) अडकलेली, बोटाने चोळली तर पॉलिश पेपरसारखी खरखरणारी धूळ. ही धूळ तशीच ठेवून वरून काहीही लावलं तरी आवाज परत येणार.

आता खरा महत्त्वाचा मुद्दा. बुश दोन तऱ्हेचे असतात. पहिल्या तऱ्हेत बार आत फिरावा अशी योजना असते; कधी रबरातच मेणासारखं वंगण मिसळलेलं असतं, तर कधी आतून टेफ्लॉन किंवा कापडाचं अस्तर असतं. दुसऱ्या तऱ्हेत बारने आत घसरायचंच नसतं. बुशचं भोक बारपेक्षा किंचित लहान ठेवलेलं असतं, किंवा रबर थेट बारवर चिकटवून पक्कं केलेलं असतं, आणि जी हालचाल होते ती रबर स्वतः पिळून सामावून घेतं. पहिल्या तऱ्हेला वंगण मानवतं. दुसऱ्या तऱ्हेला वंगण लावलं की जी पकड असायला हवी तीच जाते. तुमच्या गाडीचा बुश कोणत्या तऱ्हेचा आहे हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये किंवा स्पेअर पार्टच्या काउंटरवर विचारून घ्या. बुश सुटा मिळत नसेल, बारसकटच विकत घ्यावा लागत असेल, तर तो चिकटवलेल्या प्रकारचा असण्याची शक्यता मोठी. त्याला ग्रीस लावू नका.

आधी खात्री

पैसे घालवण्याआधी पाण्याची बाटली घ्या. गाडी रॅम्पवर किंवा गॅरेजच्या खड्ड्यावर उभी करा, एकाला बॉनेटची पुढची कड दोन्ही हातांनी खाली दाबून सोडायला सांगा आणि आवाज येत असताना बुशवर पाण्याची धार सोडा. आवाज तिथल्या तिथे थांबला तर चोर सापडला. पावसात गाडी गप्प आणि डिसेंबरच्या पहाटे सगळ्यात जास्त बोलते, ही तक्रारही याच बुशकडे बोट दाखवते, कारण थंडीत रबर कडक होतं. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना आवाज येत असेल तर स्ट्रट माउंट (शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा वरचा आधार) बघा. 'कुई'ऐवजी 'खट-खट' असेल तर आधी लिंक रॉड हलवून बघा. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुशही कुरकुरतात, म्हणून पाणी एका वेळी एकाच जागी ओता.

सिलिकॉन ग्रीस

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त चुकीच्या पद्धतीने केला जाणारा उपाय. गॅरेजमध्ये हाताशी असतं ते एपी-३ सारखं चाकाचं ग्रीस, आणि ते खनिज तेलापासून बनलेलं असतं. नैसर्गिक रबर आणि ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) या दोन्हींना खनिज तेल चालत नाही. रबर तेल शोषतं, फुगतं, मऊ पडतं, आणि आज गप्प झालेला बुश काही महिन्यांत सैल होऊन खडखडायला लागतो. डब्ल्यूडी-४० चीही शिफारस होते. त्याने आवाज झटक्यात थांबतो, पण त्यातलं द्रावण उडून जातं आणि काही दिवसांत परिस्थिती पहिल्यासारखी होते. वर तेही पेट्रोलियमचंच.

रबरावर चालतं ते सिलिकॉन ग्रीस, किंवा ब्रेकच्या रबरी भागांसाठी मिळणारं एरंडेल तेलावर आधारलेलं लाल रबर ग्रीस. स्प्रेपेक्षा ट्यूबमधलं घट्ट ग्रीस घ्या. स्प्रे बुशच्या बाहेरच्या कडेवर बसतो, आत जातच नाही, आणि पहिल्या धो-धो पावसात धुऊन निघतो. शिवाय सिलिकॉनचा फवारा ब्रेक डिस्कवर गेला तर गाडी थांबवण्याचा प्रश्न उभा राहतो. स्प्रे वापरायचाच असेल तर डिस्क आणि कॅलिपर फडक्याने झाकून मगच वापरा.

ग्रीस लावायचं म्हणजे क्लॅम्प उघडायचा, बुश चिरेतून बाजूला काढायचा, बार आणि बुशची आतली बाजू कोरडी साफ करायची, पातळ थर द्यायचा आणि परत आवळायचं. एवढी मेहनत करायची असेल तर बुश नवाच का टाकू नये, हा प्रश्न पडतो, आणि पडायलाच हवा. बुश दोनेक वर्षांचा असेल, रबराला तडे नसतील, बार आत घट्ट बसत असेल, तर ग्रीस हा चांगला निर्णय आहे. रबराची कड दाताने कुरतडल्यासारखी झाली असेल किंवा भोक लांबट झालं असेल तर ग्रीस लावून काही दिवस विकत घेताय, इतकंच. कोकणातली लाल माती असो की मराठवाड्यातली काळ्या रानाची धूळ, ग्रीस तिला ओढून घेतं. ती जिथे बसते तिथेच बार घासला जातो.

टेफ्लॉन टेप आणि ट्यूबची पट्टी

प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप बारवर गुंडाळून वरून बुश बसवायचा, ही युक्ती चुकीची नाही. घर्षण इतकं कमी असणारे पदार्थ थोडेच आहेत. पण ही टेप नळाच्या आट्यांत दाबून बसण्यासाठी बनलेली, सतत पुढे-मागे फिरण्यासाठी नाही. ती गोळा होते, एका कडेला सरकते, आणि पुन्हा क्लॅम्प उघडलात तर चिंध्या निघतात. गॅस पाइपला लावतात ती जाड पिवळी टेप जरा जास्त टिकते, एवढंच. सुट्टीत गावी गेलात, आवाजाने हैराण झालात, पार्ट मिळायला आठवडा आहे, अशा वेळी ती लावा. कायमचा उपाय म्हणून नको.

जुन्या ट्यूबची पट्टी कापून बुशखाली घालणं मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. सैल बुशचा खडखडाट त्याने जातो हे खरं. पण क्लॅम्पचा दाब वाढतो, रबर बारवर आणखी जोरात दाबलं जातं आणि नेमकी कुईकुईच वाढते.

नवं रबर

छोट्या गाड्यांना कंपनीच्या बुशची जोडी काही शेकड्यांत मिळते. मोठ्या एसयूव्हीला किंवा बाहेरून येणाऱ्या गाडीला जास्त पडते, तरी सस्पेन्शनच्या खर्चात ही रक्कम किरकोळच. मजुरीत मात्र प्रचंड तफावत आहे. काही गाड्यांत क्लॅम्पचे दोन बोल्ट सरळ हाताला लागतात आणि चहा होईपर्यंत काम उरकतं. काही गाड्यांत ते सबफ्रेमच्या वर, स्टिअरिंग रॅकच्या मागे लपलेले असतात आणि सबफ्रेम खाली घ्यावी लागते. दर विचारताना 'सबफ्रेम उतरवावी लागेल का?' हे आधी विचारा, मग बुशची किंमत.

एकाच बाजूचा बुश बदलू नका, कारण दोन्हींनी सारखेच किलोमीटर पाहिलेले असतात. बारचा व्यास व्हर्नियरने मोजून घ्या. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या व्हेरियंटमध्ये बारची जाडी वेगळी असू शकते, आणि अर्ध्या मिलिमीटरचा फरकही बुश सैल बसायला पुरतो. लोकल बुश स्वस्त असतात, पण रबराचा कडकपणा कसा असेल ते नशीब. कंपनीच्या बुशला आतून अस्तर असेल आणि लोकलला नसेल, तर नव्या बुशनेही महिन्याभरात आवाज सुरू होतो आणि मग दोष 'गाडीच तशी आहे' म्हणून गाडीच्या माथी जातो.

बार साफ करणं हे निम्मं काम आहे आणि घाईत तेच राहून जातं. वायर ब्रशने गंज काढा, बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, ब्रेक क्लीनरने पुसून कोरडा करा. अमेरिकेत, कॅनडात बर्फाळ भागात राहणाऱ्यांच्या गाडीला रस्त्यावरच्या मिठामुळे बुशच्या खाली गंजाचे खड्डे पडलेले असतात. तिथे नुसता नवा बुश पुरत नाही, खड्डे खोल असतील तर बारच बदलावा लागतो.

पीयू बुश

पॉलियुरेथेन, बाजारात पीयू. ब्रिटनची पॉवरफ्लेक्स, ऑस्ट्रेलियाची व्हाइटलाइन, अमेरिकेची एनर्जी सस्पेन्शन ही त्यातली माहितीची नावं. पीयू बुश साधारणपणे रबरापेक्षा कडक असतो आणि कमी दबतो, त्यामुळे वळणावर बार लवकर कामाला लागतो. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात गाडी अधिक बांधल्यासारखी वाटते, हे मान्य. तेल सांडलं तरी तो रबरासारखा फुगत नाही.

पण आवाज घालवायला पीयू घेणं म्हणजे प्रश्न समजून न घेता उत्तर देणं. पीयू रबरासारखं पिळत नाही, म्हणून बारला त्याच्या आत घसरावंच लागतं, आणि घसरायला ग्रीस लागतंच. कोरडा पीयू बुश रबरापेक्षाही कर्कश ओरडतो. चांगल्या किटमध्ये भोकाच्या आत ग्रीस धरून ठेवणाऱ्या खाचा असतात आणि सोबत चिकट, पाण्याने सहज न धुतलं जाणारं ग्रीस देतात. काहींच्या क्लॅम्पला ग्रीस निपल, म्हणजे बाहेरून ग्रीस भरायचं तोंड, असतं. हे निपल असलेलंच किट घ्या. नसेल तर ग्रीस संपलं की दर वेळी क्लॅम्प उघडणं आलं. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते वर्षाला एकदा तरी धरून चाला.

दमट हवेचा आणखी एक मुद्दा क्वचितच कुणी सांगतं. पॉलिएस्टर प्रकारचं पीयू उष्ण आणि ओल्या हवेत हळूहळू विघटित होतं. पॉलिइथर प्रकार त्यात जास्त टिकतो. बिननावाच्या रंगीत किटवर कोणता प्रकार आहे ते लिहिलेलं नसतं. मुंबई, रत्नागिरी, गोव्यात गाडी वापरणाऱ्याने असं किट घेऊच नये. शिवाय रस्त्याची बारीक थरथर केबिनमध्ये थोडी जास्त पोचते. आईवडिलांना मागे बसवून लांबचा प्रवास करणाऱ्या गाडीला त्यात काय मिळवायचंय?

मग कुणी काय घ्यावं

गाडी वॉरंटीत असेल तर काहीही लावू नका. सर्व्हिस सेंटरला आवाज ऐकवा, जॉब कार्डवर तक्रार लिहून घ्या. काही मॉडेलसाठी कंपनी सुधारित बुश काढते, तो असेल तर तिथेच कळेल. वॉरंटी संपलेली, बुश धडधाकट आणि बार आत फिरणाऱ्या प्रकारचा असेल तर साफसफाई आणि सिलिकॉन ग्रीस. बुश सैल किंवा तडकलेला असेल तर नवी जोडी, आणि फिरणाऱ्या प्रकारचा असल्यास बसवताना आतून सिलिकॉनचा अगदी पातळ हात. पकडणाऱ्या प्रकारचा असेल तर कोरडाच बसवा. फारच घट्ट जात असेल तर साबणाचं पाणी लावा, ते वाळून जातं. पीयू त्याने घ्यावा ज्याला गाडीचं वळणं सुधारायचं आहे आणि जो स्वतः ग्रीस गन हातात धरतो.

घरी काम करणाऱ्यांनी दोन्ही पुढची चाकं एकदम उचलावीत किंवा गाडी रॅम्पवर चढवावी. एकच चाक लटकत असेल तर बार पिळलेला राहतो आणि क्लॅम्प सुटताच झटक्याने उडतो. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावाच. बुशची चीर पुढे होती की मागे, याचा उघडण्याआधी फोटो काढून ठेवा. आणि रबर बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराच्या मापाला). चाकं लटकत असताना आवळले तर पकडणारा बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि लवकर फाटतो.