अर्ली ॲक्सेस की रिलीज पुढे? एकट्यानं गेम करणाऱ्यांसाठी

जाहीर केलेली तारीख गाठता येणार नाही हे नक्की झालं, की एकट्यानं गेम करणाऱ्यासमोर दोन रस्ते उरतात. आहे तेवढा गेम त्याच तारखेला अर्ली ॲक्सेसमध्ये सोडायचा, म्हणजे अपुरा आहे हे सांगून विकायला काढायचा आणि पुढं वाढवत न्यायचा, नाहीतर रिलीज पुढे ढकलायचं आणि पूर्ण करूनच आणायचा. अर्धवट गेम पूर्ण म्हणून विकणं हा तिसरा रस्ता मी धरतच नाही. स्टीम या गेमांच्या ऑनलाइन दुकानावर १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो, आणि लोक करतात. सायबरपंक २०७७ तीनदा पुढे ढकलून डिसेंबर २०२० मध्ये आला, तरी कच्चा निघाला आणि प्लेस्टेशनच्या दुकानातून काही महिने काढला गेला. एवढी मोठी कंपनी त्यातून सावरली. एकट्याला ते झेपेलच असं नाही.

मी दोन्ही केलंय. आधीचा गेम गुऱ्हाळ चालवण्याचा होता. तो अर्ली ॲक्सेसमध्ये आणला आणि तिथंच वाढवत पूर्ण केला. आता हातात आहे तो कोल्हापुरातली कुस्तीची तालीम चालवण्याचा, आणि त्याची तारीख मी पुढे ढकलली आहे. म्हणजे खाली जे आहे ते दोन गेमांच्या अनुभवावरून आहे, आणि दोन्ही गेम खेळणाऱ्यानं अनेक तास एकच खेळ पुढे नेत राहावा अशा जातीचे आहेत. तुमचा गेम वेगळ्या जातीचा असेल तर निष्कर्षही वेगळा निघू शकतो.

अर्ली ॲक्सेसच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. पैसा लगेच सुरू होतो. माझं घर तेव्हा उद्यमनगरातल्या वर्कशॉपांना स्टॉकचं सॉफ्टवेअर करून देण्यावर चालायचं, त्यात गुऱ्हाळातून येणाऱ्या रकमेनं खरोखर हातभार लागला. विशलिस्टवाल्यांना, म्हणजे पुढं घ्यायचा म्हणून गेमवर खूण करून ठेवलेल्यांना, स्टीम दोनदा मेल पाठवतं, एकदा अर्ली ॲक्सेसला आणि एकदा पूर्ण रिलीजला. आणि अनोळखी माणसं खेळतात, तेव्हा गेममधलं काय कंटाळवाणं आहे ते लपून राहत नाही. उसाचा रस उकळताना मळी काढायचा भाग मला फार आवडायचा. लोकांनी तो दुसऱ्या हंगामानंतर नको झाल्याचं स्पष्ट सांगितलं, आणि त्यांचं बरोबर होतं.

माझा निर्णय मात्र यातल्या कशानंच झाला नाही. तो सेव्ह फाइलमुळे झाला, म्हणजे खेळणाऱ्याची प्रगती जिच्यात साठवलेली असते त्या फाइलीमुळे.

गुऱ्हाळात सुरुवातीला ऊस म्हणजे फक्त एक आकडा होता: आवारात इतके टन पडलाय. पुढं मी लागण (नव्यानं लावलेला ऊस) आणि खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेला ऊस) वेगळे केले, कारण दोन्हींचा उतारा वेगळा आणि खेळणाऱ्याला कोणाचा ऊस कधी घ्यायचा हे ठरवावं लागलं पाहिजे. गेमसाठी बदल चांगला होता. पण ज्यांचे हंगामच्या हंगाम खेळून झाले होते, त्यांच्या फाइलीत एकच आकडा. त्यातला लागणीचा किती, खोडव्याचा किती? उत्तर कुठंच नाही, आपणच काहीतरी ठरवायचं. मग गुळव्याचं कौशल्य आलं, एकाऐवजी अनेक काहिली आल्या, आणि दर वेळी तोच प्रश्न.

तांत्रिक उपाय सगळ्यांना माहीत आहे. फाइलीत आवृत्तीचा नंबर ठेवायचा आणि उघडताना पहिलीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर अशी साखळी चालवायची. साखळी लिहिणं अवघड नाही. जीव जातो तो तपासताना, कारण प्रत्येक बदलानंतर प्रत्येक जुन्या आवृत्तीची फाइल उघडून खेळून बघावी लागते, आणि तपासणारे आपण एकटेच. एका अपडेटनंतर एकाचं गोदाम रिकामं दिसायला लागलं. त्यानं शिव्या दिल्या नाहीत. "दादा, माझा सगळा गूळ गेला. परत मिळेल का?" एवढंच लिहिलं होतं. त्या माणसानं पैसे दिले होते, आणि त्याहून जास्त म्हणजे संध्याकाळी दिल्या होत्या. त्याचं गोदाम परत भरून देईपर्यंत मला दुसरं काम सुचलं नाही.

स्टीमवर जुनी आवृत्ती वेगळ्या बीटा शाखेत ठेवता येते, म्हणजे ज्याला जुना खेळ संपवायचाय तो तिथं संपवू शकतो. चांगली सोय आहे, पण मग दोन्ही आवृत्त्यांमधले बग तुमच्याकडेच येतात.

वेळ जातो हेही मी सोसलं असतं. खरा त्रास पुढं सुरू झाला. एखादी नवी कल्पना आली, की ती गेमसाठी चांगली आहे का हा प्रश्न मागं पडायचा. जुन्या फाइलीत बसेल का हा आधी यायचा. चुलवाणाच्या जळणाची एक रचना मी केवळ याच कारणानं सोडून दिली. तो गेम पूर्ण झाला, लोकांना आवडला, पण त्या रचनेसह तो आणखी चांगला झाला असता असं मला आजही वाटतं.

बाल्डर्स गेट ३ ऑक्टोबर २०२० पासून अर्ली ॲक्सेसमध्ये होता, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण आला तेव्हा आधीच्या सेव्ह चालल्या नाहीत. त्यांनी अर्ली ॲक्सेसमध्ये फक्त पहिला अंक दिला होता, म्हणून ते निभावलं. तुमच्या गेमचा असा वेगळा काढता येणारा तुकडा असेल, तर तोही विचार करण्यासारखा आहे. तालमीचा असा तुकडा पडत नाही. पोरगं आखाड्यात येतं तिथपासून खासबागेच्या मैदानात उतरतं तिथपर्यंत एकच सलग गोष्ट आहे.

आता दुसरी बाजू. तारीख पुढे ढकलल्यावर मी तालमीतल्या पैलवानाची सगळी रचना काढून टाकली. आधी ताकद आणि दम असे आकडे होते. आता खुराक, मेहनत आणि वस्तादानं शिकवलेले डाव यांतून पैलवान घडतो. ढाक उत्तम येते पण घिस्सा कच्चा, असा पैलवान आधीच्या रचनेत होणंच शक्य नव्हतं. हा बदल मी बेधडक केला, कारण कोणाच्याही घरी जुनी फाइल नव्हती. असं मोकळेपण अर्ली ॲक्सेसमध्ये मला एकदाही मिळालं नव्हतं.

ढकलायचं मूळ कारण खरं तर मराठी होतं. मी वापरत होतो त्या युनिटी या गेम बनवायच्या इंजिनात अक्षरं दाखवण्याचं काम टेक्स्टमेशप्रो करतं, आणि त्यात देवनागरी नीट जुळत नव्हती. 'निकाल' लिहिलं की पहिली वेलांटी 'न'च्या पुढं जाऊन बसायची, 'घिस्सा'मधलं जोडाक्षर सुटायचं. कोल्हापूरच्या तालमीवरच्या गेममध्ये डावांची नावंच चुकीची दिसणार असतील, तर तो गेम बाहेर काढायचा नाही, हे मी ठरवून टाकलं. शेवटी सगळं गोडो ४ या दुसऱ्या इंजिनावर नेलं. २०२३ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीत अक्षरं जुळवण्याची सोय आतच आहे. अर्ली ॲक्सेसमध्ये लोकांच्या हाती गेम असताना इंजिन बदलायचं धाडस मी केलं नसतं.

ढकलण्याची किंमत आहेच. पैसा येत नाही, त्यामुळे वर्कशॉपांची कामं वाढवावी लागली आणि गेमचे तास कमी झाले. विशलिस्ट करून ठेवलेली माणसं विसरत जातात. लोकांचं मत मिळत नाही ही अडचण मात्र वाटते तेवढी मोठी नाही. स्टीमचं प्लेटेस्ट वापरून गेम फुकट खेळायला देता येतो, आणि तिथली प्रगती पुढं पुसली जाईल हे आधीच सांगून ठेवता येतं. मी ते केलं, शिवाय मंगळवार पेठेतल्या तालमीतली दोन-चार पोरं घरी येऊन खेळली. जोर-बैठकांची वेळ मी दुपारी ठेवली होती. त्यांनी ती पहाटेवर नेऊन दिली.

आणखी एक हिशेब बरेच जण उशिरा करतात. स्टीमचा नेक्स्ट फेस्ट, म्हणजे येऊ घातलेल्या गेमांच्या डेमोंचा मेळा, वर्षातून तीनदा भरतो, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये. एका गेमला एकदाच भाग घेता येतो, तोही बाजारात यायच्या आधी. अर्ली ॲक्सेसमध्ये उतरलात की ती संधी गेली. म्हणून ढकलायचं असेल तर नेक्स्ट फेस्टच्या आधी ढकला. डेमो लोकांना आवडला आणि गेम मात्र वर्षभरानं आला, असं झालं तर तो जोर वाया जातो.

मग अर्ली ॲक्सेस कोणी घ्यावा? प्रत्येक खेळी नव्यानं सुरू होते अशा गेमांनी जरूर घ्यावा. स्ले द स्पायर आणि हेडीस दोन्ही तिथंच वाढले. एक खेळी तासाभरात संपत असेल तर जुनी फाइल मोडल्यानं फार कोणाचं काही जात नाही. ज्याचं घर पुढच्या काही महिन्यांच्या विक्रीवरच चालणार आहे, त्यालाही मी थांब म्हणणार नाही. पण शेती, धंदा, वाढवत न्यायचं माणूस किंवा गाव असा गेम असेल आणि थोडी दुसरी कमाई असेल, तर माझ्या मते ढकललेलं बरं. स्टारड्यू व्हॅली एरिक बॅरोननं एकट्यानं साडेचार वर्षं केला आणि अर्ली ॲक्सेस न घेता फेब्रुवारी २०१६ मध्ये थेट पूर्ण आणला.

ढकलताना लगेच नवी नेमकी तारीख देऊ नका. स्टीमच्या पानावर नुसता महिना, तिमाही किंवा वर्षही दाखवता येतं. रिलीज २ आठवड्यांवर आलं की तारीख तुमची तुम्हाला बदलता येत नाही, स्टीमकडे विनंती करावी लागते. शिवाय बाहेरचं काय येऊन आदळेल हे आपल्या हातात नसतं: ऑगस्ट २०२५ मध्ये लोक ज्याची वाट पाहत होते त्या सिल्कसाँग या गेमनं दोन आठवडे आधी ४ सप्टेंबर ही तारीख सांगितली, आणि कितीतरी छोट्या गेमांना आपल्या तारखा हलवाव्या लागल्या. माझ्या पानावर सध्या फक्त वर्ष आहे. बिल्ड, म्हणजे गेमची चालवायला तयार आवृत्ती, स्टीमच्या तपासणीतून पास झालं की महिना टाकेन, आणि दिवस त्यानंतर.