बुश फाटला आणि अख्खा लोअर आर्म गळ्यात मारला: मोठ्या एसयूव्हीचा वापरानंतरचा अनुभव

गाडीचं नाव लिहीत नाही. सात सीटर, डिझेल ऑटोमॅटिक, अठरा इंची चाकं आणि रिकाम्या गाडीचंच वजन दोन टनांच्या पुढे. इंजिन, गिअरबॉक्स, एसी यांबद्दल चकार शब्द काढणार नाही. पुणे-कोल्हापूर आणि तिथून करूळ घाट उतरून वैभववाडी, घरची सगळी माणसं आणि आंब्याच्या पेट्या भरूनही ही गाडी दमत नाही. माझा राग आहे तो पुढच्या लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, बुशवर; बुश म्हणजे त्या जोडातला धक्के झेलणारा रबरी तुकडा.

३५ हजार किलोमीटरच्या आतच आवाज सुरू झाला. सोसायटीतल्या गतिरोधकावरून हळू उतरताना 'कट्', रिव्हर्स घेताना ब्रेक दाबला की परत 'कट्'. हायवेला लागलं की काहीच नाही. सर्व्हिस सेंटरने आधी लिंक रॉड बदलले, आवाज तसाच. मग गाडी रॅम्पवर चढवून आर्मला पहार लावली, तेव्हा खरं दुखणं दिसलं. आर्मच्या मागच्या बुशचं रबर अर्ध्याहून जास्त फाटलेलं, नख सहज आत जाईल एवढी भेग. डाव्या टायरची आतली कडही खाल्लेली.

"सर, बुश सुटा येत नाही. आर्म असेंब्लीच घ्यावी लागेल." दोन्ही बाजूंचे आर्म, मजुरी, अलाइनमेंट धरून बिल ४० हजारांच्या घरात गेलं. वाढीव वॉरंटीचे पैसे आधीच भरलेले, पण रबराचे भाग म्हणे झिजेचे, त्यात बसत नाहीत. आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा बॉल जॉइंट घट्ट, आर्मला साधा पोचाही नाही, आणि तो धडधाकट आर्म भंगारात! मुठीत मावणाऱ्या रबरी तुकड्यासाठी एवढे पैसे मोजताना जीव तुटला.

"रस्तेच खराब आहेत" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. सातारा ते कागल सहापदरीकरणाची कामं आणि डायव्हर्जन बघता तेव्हा मला ते पटलंही होतं. पण काही महिन्यांतच डाव्या बाजूने तोच आवाज परत आला, आणि माझं मत बदललं.

सर्व्हिस सेंटरने पुन्हा नव्या आर्मचं एस्टिमेट पुढे केल्यावर मी गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेली. तिथल्या मिस्त्रींनी बोल्ट सोडवण्याआधीच सांगितलं, "साहेब, हा बोल्ट गाडी लटकत असताना आवळलाय." या बुशमध्ये रबर आतल्या-बाहेरच्या दोन नळ्यांना चिकटवलेलं असतं. चाक खाली लोंबत असताना बोल्ट आवळला की रबर त्याच स्थितीत पक्कं होतं. गाडी खाली उतरली की ते पीळ खाऊनच बसतं, आणि प्रत्येक खड्ड्यात तो पीळ वाढत जातो. त्यात गाडीचं वजन हे असं. मग रबर टिकणार किती?

त्यांनी बाहेरचा, मापाचा बुश आणला, जुना हायड्रॉलिक प्रेसवर काढला, नव्यावरची खूण आर्मवरच्या खुणेशी जुळवून बसवला. बोल्ट आधी हातानेच लावला. गाडी चाकांवर उभी केली, पुढून दोन-चारदा दाबून हलवली आणि मग बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराइतकाच, आवळला. अलाइनमेंटसकट खर्च ६ हजारांच्या आत. त्यानंतर गणपतीला गाडी भरून घाट उतरलो, कट् नाही की गचका नाही. शॉकअपना मी उगाच दोष देत होतो; ते उत्तम आहेत.

सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढा आर्मही स्वस्त झाला. पण मुळात बुश सुटा विकायला काय हरकत आहे? सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देण्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्येच १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. इतक्या वर्षांनीही काउंटरवर ऐकायला 'असेंब्लीच घ्या' हेच.

या वर्गातली जुनी गाडी घेणार असाल तर पॉलिश बघू नका, रॅम्पवर चढवून लोअर आर्मचे मागचे बुश बघा आणि पुढच्या टायरची आतली कड हाताने चाचपा. आर्म बदलून घेत असाल तर शेवटचं आवळणं गाडी चाकांवर असताना करा, असं जॉब कार्डवर लिहून घ्या.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. डाव्या आर्मचे पैसे परत आणि बुशचा सुटा पार्ट नंबर, एवढंच मागितलंय.