ब्रेसेसचं मेण: घ्यावंच, पण कोरड्या ब्रॅकेटवर लावावं

दातांना तार लावली की तोंडात दोन वेगळी दुखणी सुरू होतात. मेडिकलमध्ये काय मागायचं, ते यातलं कुठलं दुखणं आहे यावर ठरतं. एक म्हणजे दातांचा ठणका. तार आवळल्यावर काही तासांत तो चालू होतो, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि साधारण आठवड्याभरात उतरतो. दुसरं म्हणजे गाल आणि ओठ आतून सोलवटणं. ब्रॅकेटची (दातावर चिकटवलेल्या, तार धरणाऱ्या छोट्या तुकड्याची) कड, हूक किंवा शेवटच्या दाढेवरची नळी एकाच जागी घासत राहते. तिथली त्वचा आधी पांढुरकी पडते, मग चरचरायला लागते आणि तोंड येतं. मेण आहे ते या दुसऱ्या दुखण्यासाठी. ठणक्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही.

डबी खिशात मावेल एवढी असते, आत बहुधा पाच कांड्या. साधं आणि पुदिन्याच्या स्वादाचं, असं दोन्ही मिळतं. साधंच घ्या. सोललेल्या जागेवर पुदिना झोंबतो. बरीच क्लिनिकं पहिली डबी ब्रेसेस लावतानाच देतात, तेव्हा विकत घेण्याआधी विचारून घ्यावं.

"मेण टिकतच नाही" ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कारण एकच असतं: ओल. लाळेने भिजलेल्या धातूला मेण चिकटत नाही. म्हणून आधी ब्रश करायचा, चूळ भरायची, ओठ बाजूला धरून ब्रॅकेट टिश्यूने किंवा कापसाने नीट टिपायचा. मागच्या दाढेपाशी लाळ सारखी येते, तिथे गाल आणि नळी यांच्यामध्ये कापसाची सुरळी मिनिटभर दाबून ठेवायची. मग मटारच्या दाण्यापेक्षा थोडा लहान तुकडा तोडून पाच-दहा सेकंद बोटांत गोल फिरवायचा. थेट ब्रॅकेटवर ठेवून अंगठ्याने चपटा करायचा आणि कडा तारेच्या वर-खाली दाबून बसवायच्या. मोठा गोळा लावला की जीभ त्याच्याशी खेळत राहते आणि तासाभरात तो निघतो.

जेवायच्या आधी आणि ब्रश करताना मेण काढून टाकायचं, नंतर नवा तुकडा. काढलेला परत लावू नये, त्यात अन्नाचे कण अडकलेले असतात. झोपेत थोडं पोटात गेलं तरी अपाय नाही. उन्हाळ्यात मात्र दप्तरातली डबी मऊ पडते आणि मेण बोटालाच चिकटतं. दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली की कांडी पुन्हा तुटण्याजोगी होते.

सिलिकॉनचं मेणही मिळतं. ते महाग असतं, पण जास्त वेळ टिकतं, म्हणून रात्रभरासाठी किंवा परीक्षेच्या दिवशी सोयीचं. त्याला ब्रॅकेट अगदी खडखडीत कोरडा लागतो. ज्यांना तेवढं जमत नाही, त्यांनी साधंच वापरावं.

मेण घासणं थांबवतं. आलेलं तोंड बरं व्हायला मिठाच्या कोमट पाण्याची जोड हवी: पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ, तीस सेकंद खळखळून, दिवसातून तीन-चार वेळा. इतकं स्वस्त आणि इतकं कामाचं दुसरं काही नाही. जेवण जातच नसेल तर बेंझिडामाइनचा ०.१५ टक्क्यांचा माउथवॉश जेवणाआधी वापरता येतो. त्याने तोंड थोडा वेळ बधिर होतं, झोंबलं तर तितकंच पाणी घालावं. लहान मुलांना मात्र डॉक्टरांना विचारूनच द्यावा.

तोंड आल्यावर लावायच्या जेलबद्दल आमचं मत फारसं चांगलं नाही. लाळेबरोबर ते लवकर वाहून जातं आणि खाली ब्रॅकेट घासतच राहतो. शिवाय त्यातल्या बऱ्याच जेलमध्ये कोलिन सॅलिसिलेट हे अ‍ॅस्पिरिनच्या जातीचं वेदनाशामक असतं. ब्रिटनने २००९ मध्ये १६ वर्षांखालच्या मुलांसाठी ते वापरू नये असा सल्ला दिला, आणि ब्रेसेस लावणारी बहुतेक मुलं त्याच वयाची. ट्यूबवरची घटकांची यादी वाचूनच घ्या. क्लोरहेक्सिडिनचा जंतुनाशक माउथवॉशही मनाने सुरू करू नये, जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात. फोडावर लवंगेचं तेल तर अजिबात नको, नाजूक त्वचा भाजते.

ठणक्यासाठी वयानुसार पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेनच्या गटातली औषधं दात सरकायला लागणारं प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातलं रसायन कमी करतात, म्हणून बरेच ऑर्थोडॉन्टिस्ट (ब्रेसेस लावणारे दंतवैद्य) पॅरासिटामॉलच सुचवतात. तीन-चार दिवस मेतकूट-भात, मुगाची खिचडी, उपमा असं मऊ खावं. चकली, चिक्की, ऊस तर ब्रॅकेटच उखडतात.

तारेचं टोक गालात घुसत असेल तर पेन्सिलीच्या स्वच्छ खोडरबराने ते हळूच दाताकडे वळवून वर मेण लावावं. नेलकटरने घरी कापायला जाऊ नका, तुटलेला तुकडा घशात जाऊ शकतो. क्लिनिकमध्ये ते दोन मिनिटांचं काम आहे. मेण लावूनही एकाच ब्रॅकेटपाशी पुन्हा पुन्हा तोंड येत असेल, तर तो ब्रॅकेट किंवा हूक डॉक्टरांना बोट ठेवून दाखवा. दोन आठवड्यांत न भरलेला फोड तर दाखवायलाच हवा.