माहिती अधिकार शिकायचा तर वर्कशॉप बरं की सोमवारची फाईल?

आमच्या पत्रकारितेच्या लाईनीत नवीन आलेली पोरं हे हमखास विचारतात. पुण्यात दोन्हीची सोय आहे त्यामुळे प्रश्न खराच आहे, आणि मी दोन्ही करून बघितलंय म्हणून लिहितोय. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जोडपत्र अ म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत वगैरे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

वर्कशॉप म्हणजे शनिवार-रविवार, हॉल, प्रोजेक्टर, एक वकील, एक निवृत्त अधिकारी, जेवण आणि शेवटी सर्टिफिकेट. सोमवार म्हणजे महापालिकेत दुपारी तीन ते पाच, अर्ज न करता फायली बघायला मिळतात ते. पुण्यात हे आधी सुरू झालं, मग २०१८ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या जिल्ह्यांतही नेलं. तिथे माहिती अधिकारातली मुरलेली एखादी व्यक्ती गाठायची आणि तिच्या शेजारी बसायचं, एवढाच कोर्स.

आधी वर्कशॉपचं चांगलं सांगतो, कारण पत्रस्वातंत्र्याचा भाग खरंच तिथेच शिकावा. राज्यघटनेत प्रेससाठी वेगळं कलमच नाही, आपल्याला आहे ते १९(१)(ए) मधलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य, रस्त्यावरच्या कुठल्याही नागरिकाला असतं तेवढंच, हे ऐकून निम्म्या हॉलचा चेहरा उतरतो. सोर्स सांगायची सक्ती नसते असं छातीठोक सांगणारे ऑफिसात ढीगभर असतात, पण प्रेस कौन्सिल म्हणजे वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी संस्था, तिच्या १९७८ च्या कायद्यातलं ते संरक्षण कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतं आहे, कोर्टात त्याच्या भरवशावर राहू नका. बदनामीची नोटीस आली तर आधी काय जपून ठेवायचं, हल्ला झाला तर पत्रकारांसाठीचा २०१७ चा कायदा एफआयआरमध्ये लावायचा आग्रह कसा धरायचा, हे सगळं वकिलाच्याच तोंडून ऐकलेलं बरं. शिवाय २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारात वैयक्तिक माहिती नाकारायचं जे ८(१)(जे) कलम आहे, त्यातली जनहिताची अट पार छाटलीय, वैयक्तिक माहिती म्हटलं की विषय संपला, आता ८(२) मधल्या जनहितावर जोर द्यावा लागतो. हे फाईल चाळून कधीच कळलं नसतं.

पण माझं डोकं फिरलं ते वर्कशॉपमध्ये मिळालेल्या फोल्डरमधल्या नमुना अर्जावर. "अमुक रस्त्याच्या कामासंदर्भातील सर्व माहिती मिळावी." दीडशे शब्दांच्या आत, विषय एकच, महाराष्ट्राच्या नियमात चपखल बसणारा अर्ज. आमच्याकडच्या एका पोराने वर्कशॉपहून आल्या आल्या तो जसाच्या तसा टाकला आणि मुदत संपता संपता एका ओळीचं उत्तर आलं, "आपल्या अर्जातील माहितीचा बोध होत नाही." मग पहिलं अपील, मग सुनावणीची तारीख, ती पुढे ढकलली, आणि तोवर तोच रस्ता दुसऱ्या कुणीतरी केबलसाठी परत खणून ठेवला. बातमी मेली. बरं त्या पोराला दोष काय देणार, दोन दिवसांत त्याला कुणी एक फाईल दाखवली नव्हती, कलमं मात्र पाठ होती. मी नंतर दोन-तीन ठिकाणची फोल्डरं चाळली, थोड्याफार फरकाने नमुना तोच. कुठे चांगला असेलही, मला दिसला नाही.

आता तीच रस्त्याची फाईल सोमवारी समोर आली की काय होतं बघा. एका बाजूला टिपणी, म्हणजे अधिकाऱ्यांचे आपसातले शेरे, दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार. टिपणीवर ज्युनियर इंजिनिअरने काय सुचवलं, वरच्याने त्यावर काय शेरा मारला, कुणाची सही कुठल्या तारखेची. मग मोजमाप पुस्तक, म्हणजे सगळे म्हणतात ती एमबी, त्यात लांबी, रुंदी, जाडी. बिल आधीचं आणि मोजमाप नंतरचं, म्हणजे काम न मोजताच बिल काढलेलं दिसलं की कुणी समजावून सांगायला लागत नाही. मग अर्जही आपोआप बदलतो, अमुक कार्यादेशाची (ठेकेदाराला काम दिल्याच्या आदेशाची) एमबी, टिपणीची सगळी पानं, अंतिम बिल, साक्षांकित प्रती द्या. याला बोध होत नाही म्हणणं अवघड जातं. बाकी ऑफिसांत हेच करायचं तर अर्जातच अवलोकन, म्हणजे फाईल प्रत्यक्ष बघायला मागा, पहिला तास फुकट असतो.

सोमवारचे तोटे आहेतच. फाईल नेमकी साहेबांच्या टेबलावर असते आणि साहेब नेमके मीटिंगला. शेजारी बसवून शिकवणाऱ्याचा स्वतःचा एखादा लढा चालू असतो आणि आपली बातमी कधी त्याची होऊन जाते ते कळत नाही. सोमवारी दुपारी सुट्टी द्यायला चीफ रिपोर्टर तयार व्हायला पाहिजे हा आणखी एक विनोद. क्राईम बीटवाल्यांना, म्हणजे गुन्ह्यांच्या बातम्या करणाऱ्यांना, तर याचा फारसा उपयोग नाही, तपास चालू आहे म्हणून माहिती नाकारायचं ८(१)(एच) कलम तोंडावर मारलं जातं, त्यांनी सरळ वर्कशॉप करावं. एकट्याने बातम्यांचं पोर्टल चालवणाऱ्यांनीही, कारण नोटीस आली की त्यांच्या मागे उभं राहायला लीगल डिपार्टमेंट नसतं.

महापालिका, झेडपी, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) असला बीट असेल तर मात्र मी म्हणेन आधी सोमवार आणि वर्कशॉप नंतर. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. पण या शहरात इंडियन एक्स्प्रेसच्या प्रकाश कर्दळेंसारख्या संपादकाने माहिती अधिकार लावून धरला होता, आणि आपण अजून "सर्व माहिती मिळावी" लिहितो याचं मला जरा वाईट वाटतं.

वर्कशॉपच करायचं ठरलं असेल तर पैसे भरण्याआधी संयोजकांना फोन करून विचारा की खऱ्या फायलीच्या झेरॉक्स हाताळायला देणार का. देणार नसतील तर आपल्याला आलेलं एखादं नकाराचं पत्र सोबत न्या आणि चहाच्या सुट्टीत वकिलांना गाठा, माईकवरून सांगत नाहीत ते तिथे सांगतात.