वीस लिटरचा कॅन, पाच महिने आणि एक तोटी

नोव्हेंबरात घेतला. निळा, जाड प्लास्टिकचा, खाली तोटी, साडेआठशे रुपये. असे तीन घेतले. हिशेब साधा होता: मी, मेहुणा आणि जीपचा ड्रायव्हर, माणशी रोज पाच लिटर, वाळवंटात चार दिवस. साठ लिटर म्हणजे साठ किलो. भांडी वाळूनेच घासायची. वर राखीव म्हणून बाटल्यांचा एक खोका.

जैसलमेरच्या दक्षिणेला खुडीच्या पुढे दुसरा मुक्काम. सकाळी एक कॅन उचलला तर भलताच हलका. खाली ताटाएवढा काळपट ओला गोल, बाकी सगळं वाळूने गिळलेलं. सहा लिटर गेले. तोटीतून थेंब थेंब, रात्रभर.

जवळच्या ढाणीत, म्हणजे छोट्या वस्तीत, टांका होता, जमिनीतली पाण्याची टाकी. पण टांक्यात असतं ते त्या घराने साठवलेलं पावसाचं पाणी, आणि तिथे वर्षाला वीस सेंटीमीटरसुद्धा धड पडत नाही. बादली मागायला जीभ रेटेना. हातपंपाचं पाणी मिळालं, ते खारं, चहा फाटला. मेहुण्याने क्लोरीनची गोळी टाकू म्हणून सुचवलं. अरे बाबा, गोळीने जंतू मरतात, मीठ कुठे जाणार?

परत आल्यावर कंपनीला फोन. 'तोटी झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही.' दोन दिवसांत काय झिजली हो? फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला, तीन आठवडे घातले. शेवटी वेगळ्या माणसाने तेच वाक्य ऐकवलं. त्या रात्री मी इथे एक तारा देऊन 'भंगार' असं लिहिलं होतं. ते आता काढतोय, पण अर्धंच.

कारण जानेवारीत निघण्याआधी तोटी खोलली. आतल्या रबरी वॉशरवर बारीक वाळूची रेघ बसलेली. म्हणजे रेताड हातांनी तोटी पिळणारा मी, आणि कॅन तोटीसकट वाळूत टेकवणाराही मीच. नळवाल्याकडून पाच रुपयांचा वॉशर आणला, तोटीवर जुना मोजा चढवला. आता प्रवासात कॅन आडवा, तोटी आकाशाकडे, मुक्कामाला दगडावर. पाणी काढताना वरचं झाकण जरा सैल करायचं, नाहीतर धार अडखळते आणि आपण उगाच तोटी जास्त पिळतो. जानेवारीत थेंब गळला नाही, मार्चमध्येही नाही. कॅन चांगलाच आहे. पण पाच रुपयांचा वॉशर सोबत द्यायला यांचं काय जात होतं?

मार्चमध्ये कॅनमधलं पाणी दुपारी अंघोळीला काढल्यासारखं लागतं, हा मात्र कॅनचाच दोष. ड्रायव्हर हसला आणि बाजारातून छागल घ्यायला लावली. कॅनव्हासची पिशवी, दोनशे रुपये. आधी भिजवायची, धागा फुगेपर्यंत ठिबकते. मग जीपच्या बाहेर वाऱ्यावर टांगायची. ओल्या कापडातून पाणी उडतं आणि आतलं गार होतं. सकाळी पाच लिटर भरले तर संध्याकाळपर्यंत लिटरभर उडालेलं असतं, म्हणून साठा कॅनमध्येच आणि छागल फक्त प्यायला. पहिला घोट घेऊन मेहुणा बराच वेळ बोलला नाही, हे आमच्या घरात दुर्मीळ.

साडेतीन तारे. अर्धा तारा त्या तीन आठवड्यांचा कापलाय. पुढच्या वेळी वीसचे तीन नाही, दहाचे सहा नेणार. एक गळला तरी दहाच जातील. दोन जादा वॉशर कॅनच्या कडीला पिशवीत बांधून ठेवलेत.