टोरोंटोतल्या मोफत सेटलमेंट सेवा: कुठल्या टेबलावर काय मागायचं

पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) घेऊन कॅनडात उतरलेल्यांसाठी केंद्र सरकारच्या पैशातून चालणाऱ्या सेटलमेंट संस्था, म्हणजे नवागतांना बस्तान बसवायला मदत करणाऱ्या संस्था आहेत, हे आपल्याकडच्या बहुतेकांच्या कानावर असतं. पण काहीजण 'फुकट ते कितपत चांगलं असणार' म्हणून तिकडे फिरकतच नाहीत, आणि काहीजण 'तिथे नाव घातलं की नोकरी लागते' अशा समजुतीने जातात आणि महिन्याभरात वैतागतात. नोकरी लावून देणं हे या संस्थांचं काम नव्हे. मात्र नेमकं काय मागायचं ते ठाऊक असेल, तर खासगी सल्लागाराला डॉलर मोजायची वेळ क्वचितच येते.

आधी पात्रता. केंद्राच्या पैशातली सेवा पीआर आणि निर्वासित म्हणून संरक्षण मिळालेल्यांना आहे. स्टडी परमिट किंवा वर्क परमिटवाल्यांना ती सहसा मिळत नाही. त्यांनी प्रांताच्या, म्हणजे ओंटारिओच्या योजनांची चौकशी करावी. त्यासाठी २११ हा सेवांची माहिती देणारा फोन नंबर दिवसरात्र चालू असतो. आणि नागरिकत्वाची शपथ घेतली की केंद्राच्या सेवेतून आपलं नाव कमी होतं. त्यामुळे भाषेचे वर्ग, मेंटॉर वगैरे जे काही पदरात पाडून घ्यायचं, ते त्याआधीच.

पहिल्या भेटीत गरजांची नोंद होते. सोबत पासपोर्ट, सीओपीआर (पीआर मिळाल्याचं पत्र) किंवा ई-सीओपीआरचं प्रिंटआउट, डिग्रीचा ईसीए रिपोर्ट (कॅनडात ती कशाच्या तोडीची आहे ते सांगणारा) आणि आहे तसा रेझ्युमे न्यावा. पीआर कार्ड पोस्टाने येईपर्यंत थांबायची गरज नाही. सिन नंबर (नोकरी आणि टॅक्ससाठी लागणारा सरकारी नंबर) मात्र आधी काढून ठेवावा. सर्व्हिस कॅनडाच्या ऑफिसात तो फुकट मिळतो आणि कागदपत्रं पूर्ण असतील तर बहुधा त्याच भेटीत हातात पडतो. हा नऊ आकडी नंबर घरमालकाला किंवा नोकरीच्या अर्जावर द्यायचा नसतो. कंपनी तो नेमणूक झाल्यावर मागते. मुलाखतीआधीच कुणी मागितला तर तिथे पाणी मुरतंय असं समजावं.

इथे दोन वेगळी माणसं भेटतात आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. सेटलमेंट वर्कर घर, शाळा, आरोग्य आणि सरकारी फॉर्म बघतो. एम्प्लॉयमेंट कौन्सेलर नोकरीचं बघतो. पहिल्याला रेझ्युमे दाखवून उपयोग नाही. त्याच्याकडून चाइल्ड बेनिफिटचा (मुलांसाठी मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा) अर्ज भरून घ्यावा: आरसी६६ हा फॉर्म आणि त्याला जोडून नवागतांसाठीचा आरसी६६एससीएच. दुसऱ्या फॉर्मवर कॅनडात येण्याआधीचं उत्पन्न लिहावं लागतं. पहिला टॅक्स रिटर्न भरेपर्यंत हा अर्ज करता येत नाही, हा गैरसमज बऱ्याच घरांत आहे आणि त्यापायी पैसे उगाच लांबतात. तसंच ओंटारिओत ओहिप (प्रांताचा सरकारी आरोग्य विमा) कार्डासाठी तीन महिने थांबायची अट मार्च २०२० मध्येच गेली. इंटरनेटवरचे जुने लेख वाचून लोक अजून तीन महिन्यांचा खासगी विमा काढत बसतात. सेटलमेंट वर्कर हे पहिल्याच भेटीत सांगतो. सेवेचा हा भाग खरंच चोख आहे.

नोकरीच्या बाजूला गुण कमी पडतात. रेझ्युमेची कार्यशाळा पायाभूत गोष्टी नीट शिकवते: दोन पानं, फोटो नाही, जन्मतारीख नाही, वडिलांचं नाव नाही, लग्न झालंय की नाही तेही नाही. अडचण पुढे येते. कौन्सेलर सगळ्या धंद्यांचा, त्यामुळे कुठल्याच एका धंद्याचा नाही. समजा, चाकणच्या ऑटो पार्ट कारखान्यातला क्वालिटी इंजिनियर आलाय. त्याच्या रेझ्युमेत पीपॅप, एपीक्यूपी, एफएमईए, आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगातल्या गुणवत्ता पद्धतींचे शब्द आहेत. 'ही जड भाषा काढा, संघभावना, नेतृत्व असं लिहा' असा सल्ला मिळण्याची शक्यता बरीच. तो मुळीच ऐकू नये. केंब्रिज आणि वुडस्टॉकला टोयोटा आहे, ॲलिस्टनला होंडा. त्यांना माल पुरवणारे कारखाने नेमके हेच शब्द शोधतात. बदलायचं ते दुसरंच. तिथल्या माणसाला आपली कंपनी माहीत नसते, म्हणून नावाखाली एक ओळ हवी: काय बनवते, किती माणसं, कुठल्या गाडीसाठी. 'जबाबदारी सांभाळली' ऐवजी रिजेक्शन किती टक्क्यांवरून किती टक्क्यांवर आणलं ते लिहावं. आणि पी.इंज. (प्रोफेशनल इंजिनियरचा) परवाना हातात नसताना स्वतःला 'प्रोफेशनल इंजिनियर' म्हणवून घेऊ नये, ते ओंटारिओत बेकायदा आहे. त्या परवान्यासाठी लागणारी कॅनडातल्या अनुभवाची अट मात्र तिथल्या इंजिनियरांच्या नियामक संस्थेने २०२३ मध्ये काढून टाकली.

म्हणून नाव घालताना सरळ विचारावं: आमच्या क्षेत्रासाठी वेगळा कार्यक्रम आहे का? ॲक्सेस एम्प्लॉयमेंटसारख्या संस्था इंजिनियरिंग, फायनान्स, आयटी असे क्षेत्रवार कार्यक्रम चालवतात. ट्रिएक या टोरोंटोतल्या नवागतांच्या नोकरीसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मेंटॉरिंग योजनेत आपल्याच व्यवसायातला माणूस मेंटॉर म्हणून मिळतो. आमच्या मते अख्ख्या व्यवस्थेतली सगळ्यात कामाची गोष्ट हीच, आणि ती कुणी आपणहून पुढे करत नाही, मागावी लागते. उलट सर्वसाधारण कार्यशाळांचा आग्रह फार. किती लोकांना सेवा दिली याचा हिशेब संस्थांना सरकारला द्यावा लागतो, तेव्हा त्यात नवल नाही. दोनेक कराव्यात, बाकीच्यांना हसून नाही म्हणावं.

मुलाखतीचा सराव मात्र चुकवू नये. आपल्याकडे 'मी मी' करणं असंस्कृत मानतात, म्हणून मराठी माणूस सवयीने 'आम्ही केलं' म्हणतो. समोरच्याला तुम्ही स्वतः काय केलं ते ऐकायचं असतं. प्रसंग, काम, कृती, निकाल या क्रमाने दोन मिनिटांत बसतील असे पाच-सहा किस्से आधीच घोटून ठेवावेत.

पगाराचा अंदाज कौन्सेलरला विचारण्यापेक्षा सरकारच्या जॉब बँक या नोकऱ्यांच्या वेबसाइटवर बघावा. पाच आकडी एनओसी कोड (कॅनडा सरकारने प्रत्येक व्यवसायाला दिलेला क्रमांक) घातला की त्या भागातला कमी, मधला आणि जास्त दर समोर येतो. तिथल्या काही जाहिराती परदेशी कामगार आणण्याच्या परवानगीपुरत्या टाकलेल्या असतात, त्यामुळे उत्तर आलं नाही म्हणून खचू नये. १ जानेवारी २०२६ पासून ओंटारिओत २५ किंवा जास्त माणसांच्या कंपनीला जाहीर जाहिरातीत पगार सांगावा लागतो, कॅनडातल्या अनुभवाची अट घालता येत नाही आणि मुलाखत घेतलेल्या उमेदवाराला ४५ दिवसांत निर्णय कळवावा लागतो. बऱ्याच कार्यशाळांच्या जुन्या छापील पानांत हे सापडणार नाही.

दोन भेटींनंतरही कौन्सेलरला आपलं क्षेत्र कळत नसेल तर दुसरा मागावा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही, तिकडे ते नेहमीचं आहे. दुसरा नसेल तर दुसऱ्या संस्थेत नाव घालावं. एकाच ठिकाणी चिकटून राहण्याचं बंधन नाही.